जीपीई बंद केला, पंखा शांत झाला. मग घड्याळ मागे का पडायला लागलं?

आधी प्रश्न थोडक्यात. लॅपटॉप इंटेलच्या कॉफी लेक पिढीचा. त्यावर २०१८ मधलं उबुंटू लिनक्स, आणि ऑफिसच्या एका सॉफ्टवेअरसाठी कर्नलही, म्हणजे सिस्टिमचा गाभाही, तेव्हाचाच गोठवून ठेवलेला. सुरुवातीची तक्रार होती की पंखा सतत फिरतो आणि 'केवर्कर' नावाची प्रोसेस एक अख्खा कोअर खाते. कुणीतरी सांगितल्यावरून एसीपीआयचा (बायोस आणि सिस्टिममधला वीज-उपकरणं सांभाळणारा दुवा) ६एफ क्रमांकाचा जीपीई, म्हणजे हार्डवेअरकडून येणाऱ्या सूचनेची एक वाट, बंद केला आणि पंखा गप्प झाला. पण तेव्हापासून घड्याळ मागे पडतं. काम चालू असताना फारसं नाही; स्क्रीन बंद करून लॅपटॉप तासभर तसाच पडून राहिला की काही मिनिटांचा फरक. सीमॉसचा सेल (मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल) बदलला, उपयोग झाला नाही. आता विचारणा अशी की जीपीई परत चालू करावा का, आणि मदरबोर्ड गेला असं समजायचं का.

दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. तुमच्या मशीनमध्ये दोन वेगळे दोष आहेत आणि पहिला दुसऱ्याला झाकत होता, असं तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून मला वाटतं. जीपीईचा मारा, म्हणजे त्या वाटेने न थांबता येणाऱ्या सूचना, चालू होता तोवर प्रोसेसरला गाढ झोप लागतच नव्हती. मारा थांबला, प्रोसेसर नीट झोपायला लागला, आणि तुमचं घड्याळ सध्या ज्या काउंटरवर (ठरावीक वेगाने आकडा वाढवत राहणारा मोजक) चाललंय तो काउंटर त्या झोपेतच चुकतो. हे माझ्या सांगण्यावरून मान्य करू नका. पाऊण-एक तासात स्वतः तपासून खात्री करता येते, आणि ती केल्याशिवाय एकही सेटिंग कायमचं बदलू नका.

सेलचा विषय आधी संपवतो, कारण दुकानात लॅपटॉप आला की पहिला हात तिथेच जातो. सेलवर चालते ती आरटीसी, म्हणजे मशीन बंद असतानाही वेळ धरून ठेवणारी छोटी चिप. तिच्या शेजारी ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो. २ चा १५ वा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद मिळतो. सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम या चिपला वेळ विचारते. त्यानंतर चालू मशीनचं घड्याळ प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या काउंटरवर चालतं, सेलचा त्याच्याशी संबंध राहत नाही. सेल संपल्याची खूण म्हणजे चार्जर काढून, बंद करून ठेवलेला लॅपटॉप दुसऱ्या दिवशी भलत्याच वर्षात उठतो आणि बायोसची (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज मूळपदावर जातात. नवा सेल मीटरवर ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो; २.७ च्या खाली दिसला तर मी बदलून टाकतो. पण चालू असताना मागे पडणाऱ्या घड्याळाला सेल बदलणं म्हणजे खर्च आणि स्क्रूची झीज. शिवाय विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, असेल तर बायोसची सेटिंग्ज उडाल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसताना सेलला हात लावू नये.

आता जुन्या सल्ल्यांबद्दल, कारण तुम्ही त्यातले दोन-तीन वाचलेले दिसतात. इंटरप्ट म्हणजे एखाद्या उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक. 'इंटरप्ट हरवतात म्हणून घड्याळ मागे पडतं' हे एकेकाळी शब्दशः खरं होतं. तेव्हा लिनक्स टायमरचे टोले मोजून वेळ ठरवायचं. टोला हुकला की तेवढा वेळ गेला. २००६-०७ च्या सुमारास कर्नलची वेळ मोजण्याची पद्धत बदलली. आता इंटरप्ट उशिरा आला तरी कर्नल एका धावत्या काउंटरचा आकडा वाचतो आणि मधे किती वेळ गेला ते त्यावरून काढतो. म्हणून 'नोएपिक', 'नोलेपिक' वगैरे बूट पर्याय (सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) आज घड्याळाच्या तक्रारीवर डोळे झाकून देण्यात अर्थ नाही. त्यांनी इंटरप्टची सगळी वाटणी बदलते आणि नव्या तक्रारी उभ्या राहतात. आज घड्याळ बिघडलं तर पहिला प्रश्न हाच, की कर्नल सध्या कोणता काउंटर वाचतोय?

त्याचं उत्तर एका फाइलमध्ये आहे. सिस, डिव्हाइसेस, सिस्टिम, क्लॉकसोर्स, क्लॉकसोर्स-० असे फोल्डर उतरत जा. तिथे 'करंट क्लॉकसोर्स' आणि 'अव्हेलेबल क्लॉकसोर्स' अशा दोन फाइली आहेत, कॅट करून वाचा. निरोगी लॅपटॉपवर पहिल्या फाइलमध्ये टीएससी दिसतं. हा प्रोसेसरच्या पोटातला काउंटर, १९९३ च्या पेंटियमपासूनचा. वाचायला सर्वांत वेगवान. जुन्या प्रोसेसरांत तो वेगाबरोबर कमी-जास्त व्हायचा आणि झोपेत थांबायचा. तुमच्या पिढीत तसं होत नाही. प्रॉक या फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये 'कॉन्स्टंट टीएससी' आणि 'नॉनस्टॉप टीएससी' हे दोन्ही शब्द आहेत ना, एवढं बघून घ्या. दुसरा उमेदवार एचपीईटी, चिपसेटमध्ये बसणारा; तुमच्या पिढीत तो २४ मेगाहर्ट्झवर चालतो. तिसरा एसीपीआयचा पीएम टायमर, ३.५८ मेगाहर्ट्झचा, सावकाश पण सरळमार्गी. तो बहुधा २४ बिटांचा असतो, म्हणून साधारण ४.७ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. कर्नलला त्याआधी त्याच्याकडे बघावंच लागतं.

माझा अंदाज असा की तुमच्या 'करंट' फाइलमध्ये एचपीईटी निघेल आणि 'अव्हेलेबल'च्या यादीत टीएससीचं नावच नसेल. तसं असेल तर पुढचं वाचा, खरी गोष्ट इथे आहे.

कर्नल टीएससीवर आंधळा विश्वास ठेवत नाही. एक वॉचडॉग नेमलेला असतो. दर अर्ध्या सेकंदाला तो टीएससीचा आकडा दुसऱ्या काउंटरशी, साधारणपणे एचपीईटीशी, ताडून बघतो. तुमच्या काळातल्या कर्नलमध्ये तफावत ६२.५ मिलिसेकंदांच्या वर गेली की टीएससी 'अनस्टेबल' ठरतं आणि घड्याळ दुसऱ्या काउंटरकडे सोपवलं जातं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, 'वॉचडॉग' शब्द शोधा. टीएससी अनस्टेबल ठरवल्याची ओळ सापडेल. आता यातली उणीव बघा. दोन काउंटर जुळत नाहीत एवढंच वॉचडॉगला कळतं. चुकतोय कोण, हे कळायला त्याच्याकडे साधनच नाही. एचपीईटी खरा, हे त्याने आधीच धरलेलं असतं.

आणि कॉफी लेकच्या काही मशीनांवर नेमका एचपीईटीच चुकतो. सगळे कोअर झोपले, स्क्रीनही बंद झाली, की अख्खी चिप पीसी१० नावाच्या सर्वांत खोल झोपेत जाते. तिथून परतल्यावर एचपीईटीचा आकडा मागे राहिलेला असतो. वॉचडॉगला वाटतं टीएससी पुढे पळालं, म्हणून तो खऱ्याला काढून टाकतो आणि चुकणाऱ्याच्या हाती घड्याळ देतो. तिथून पुढे प्रत्येक गाढ झोपेत घड्याळ मागे राहतं. कर्नलच्या मंडळींनी २०१९ च्या अखेरीस कॉफी लेकवर एचपीईटी सरळ बंद करून हे सोडवलं. तुमचा गोठवलेला कर्नल त्याच्या आधीचा, म्हणून तुम्हाला ते मिळालं नाही.

त्या 'अनस्टेबल'च्या ओळीखालचे आकडे लोक वाचत नाहीत, पण पुरावा तिथेच छापलेला असतो. एका ओळीत एचपीईटीचे आत्ताचे आणि मागचे आकडे, दुसरीत टीएससीचे, दोन्ही हेक्समध्ये. कॅल्क्युलेटर प्रोग्रॅमर मोडमध्ये टाका आणि एचपीईटीच्या आत्ताच्या आकड्यातून मागचा वजा करा. २४ मेगाहर्ट्झने अर्ध्या सेकंदात सुमारे १ कोटी २० लाख यायला हवेत. मग टीएससीची वजाबाकी करा आणि डीमेसेजमध्येच वर कुठेतरी छापलेल्या टीएससीच्या वारंवारतेने भागा. टीएससीचा हिशोब अर्ध्या सेकंदाच्या जवळ आणि एचपीईटीचा बराच कमी, असं निघालं तर संशय पक्का होतो. वॉचडॉगच्या दोन फेऱ्यांमध्ये झोपेमुळे जास्त वेळ गेलेला असू शकतो, त्यामुळे नेमका अर्धा सेकंद आला नाही तरी गोंधळू नका. दोघांमधला फरक बघायचा आहे. तरीही हा संशयच. निवाड्याला तिसरं, बाहेरचं घड्याळ लागतं.

ते तिसरं घड्याळ म्हणजे एनटीपी सर्व्हर, इंटरनेटवरून वेळ सांगणारा. आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे, म्हणजे एनपीएलकडे आहे, आणि तिचे वेळेचे सर्व्हर सार्वजनिक आहेत. तुमच्या इंटरनेट कंपनीच्या वाटेवर जो लवकर आणि स्थिर उत्तर देतो तो कोणताही चालेल. मोजण्याआधी मात्र आपोआप वेळ जुळवणं बंद करा: टाइमडेटसीटीएल या कमांडला सेट-एनटीपी फॉल्स द्या. हे विसरलात तर सगळं मोजमाप वाया. एनटीपी चालू असताना घड्याळ मधेच उडी मारून बरोबर होतं आणि तुम्हाला दोष दिसतच नाही. शिवाय वेळ जुळलेली असली की कर्नल दर ११ मिनिटांनी सिस्टिमची वेळ आरटीसीत लिहून टाकतो, म्हणजे चिपची स्वतःची चूकही पुसली जाते. एनटीपीने हे आपोआप भरून निघावं अशी अपेक्षाही ठेवू नका. हळूहळू ओढून दुरुस्त करण्याची कर्नलची नेहमीची मर्यादा दशलक्षात ५०० भाग, म्हणजे दिवसाला जेमतेम ४३ सेकंद. तासाला मिनिटं जात असतील तर उड्या मारण्यावाचून त्याला मार्ग नसतो, आणि त्या उड्यांनी तुमच्या लॉग फाइलींमधले क्रम बिघडतात.

आता मोजा. तीन आकडे एकाच वेळी टिपायचे: सिस्टिमची वेळ, एचडब्ल्यूक्लॉक या कमांडने वाचलेली आरटीसीची वेळ, आणि सर्व्हरशी असलेला फरक. क्रोनी (एनटीपीने वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) बसवलेलं असेल तर क्रोनीडीला मोठ्या क्यूचा पर्याय दिला की तो घड्याळाला हात न लावता नुसता फरक सांगतो. मग लॅपटॉप २० मिनिटं राबवा. व्हिडिओ चालवा, काहीतरी कंपाइल करा. पुन्हा तिन्ही टिपा. मग स्क्रीन बंद करून, स्लीप न करता, २० मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा टिपा. राबताना फरक वाढला नाही, पण पडून असताना सिस्टिमची वेळ मागे गेली आणि आरटीसी मात्र सर्व्हरबरोबर राहिली, तर क्रिस्टल, सेल आणि मदरबोर्ड तिघंही निर्दोष सुटले.

शेवटचा शिक्का हवा असेल तर गाढ झोप रोखून तेच पुन्हा करा. बूट होताना ग्रबच्या, म्हणजे सिस्टिम निवडण्याच्या, मेनूवर 'ई' दाबा, कर्नलच्या ओळीच्या शेवटी इंटेल-आयडलचा मॅक्स-सीस्टेट १ हा पर्याय टाका आणि त्या एका वेळेपुरतं बूट करा. घड्याळ आता पडूनही मागे जात नसेल तर निदान झालं. हा पर्याय कायमचा ठेवणारेही लोक आहेत, 'चालतंय ना' म्हणून. ठेवू नका. बॅटरी भराभर संपते, लॅपटॉप रिकामा असतानाही गरम राहतो, आणि जीपीई बंद करून जे कमावलं ते सगळं गमावता.

उपाय नवा कर्नल. आधी पेनड्राइव्हवर ताज्या उबुंटूची लाइव्ह प्रत घ्या, काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून बूट करा आणि स्क्रीन बंद करून तीच २० मिनिटांची चाचणी करा. क्लॉकसोर्स टीएससीवर टिकला तर ऑफिसच्या माणसाला दाखवायला पुरावा तयार. बऱ्याचदा ते सॉफ्टवेअर कर्नलला बांधलेलं नसतंच, कुठल्यातरी लायब्ररीला बांधलेलं असतं, आणि नुसता कर्नल वर नेला तर त्याचं काही बिघडत नाही. ते विचारून घ्या. खरोखरच कर्नल हलवता येत नसेल तर एचपीईटी डिसेबलचा बूट पर्याय आहे. मग वॉचडॉग पीएम टायमरशी ताडून बघतो आणि टीएससीला विनाकारण बाद करत नाही. हाही आधी ग्रबमध्ये 'ई' दाबून एकदाच वापरा. त्या पिढीच्या काही मशीनांत जुना पीआयटी टायमर बायोसनेच बंद ठेवलेला असतो, आणि एचपीईटीही काढून घेतला की जुना कर्नल टायमर सापडत नाही म्हणून बूटच होत नाही. एकदाच टाकलेला पर्याय रीस्टार्टने निघून जातो. ग्रबच्या फाइलीत लिहून ठेवला असेल तर रात्री अकरा वाजता पेनड्राइव्ह शोधत बसावं लागतं. 'टीएससी रिलायबल' हा पर्याय वॉचडॉगच काढून टाकतो. तो मी सर्वांत शेवटी, आणि 'कॉन्स्टंट टीएससी', 'नॉनस्टॉप टीएससी' हे दोन्ही शब्द सीपीयूइन्फोत असतील तरच वापरेन.

आता जीपीईकडे. तुम्ही तो बंद केला ते चूक नव्हतं, पण तो काय सांगत होता हे कुणीच ऐकलं नाही. इंटरप्टच्या पातळीवर काय होतं ते बघा: ज्याने बोलावलं त्याचं काम झाल्याशिवाय लाइन सोडायची नाही, असा या जोडणीचा नियम. वाड्याच्या सामाईक दाराची बेल कुणीतरी दाबून धरलीय आणि आतलं प्रत्येक बिऱ्हाड 'आमच्याकडचं नाही' म्हणून परत जातंय, तर बेल वाजतच राहणार. प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलवर 'वॉच' लावून दर सेकंदाला बघा. ९ क्रमांकाची एसीपीआयची ओळ शांत मशीनवर अधूनमधूनच हलते. चार्जर काढला-लावला, झाकण मिटलं, की थोडी. सेकंदाला शेकड्यांनी वाढत असेल तर मारा चालू आहे. मग सिसमधल्या फर्मवेअर, एसीपीआय, इंटरप्ट्स या फोल्डरमध्ये प्रत्येक जीपीईची वेगळी मोजणी असते. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. जो धावतोय तो तुमचा. फक्त तोच बंद करायचा, आणि तोही आकडा स्वतः बघून. दुसऱ्याच्या मशीनवर ६एफ होता म्हणून आपल्याकडेही तोच असेल असं नाही, कारण ही क्रमवारी मदरबोर्ड आणि बायोस ठरवतात.

बंद केल्यावर झाकण मिटून बघा, चार्जर काढून बघा, पॉवर बटण, ब्राइटनेसच्या कळा, टाइप-सीवरचा मॉनिटर, सगळं एकदा तपासा. आणि पंख्याकडे नीट लक्ष द्या. भरपूर काम देऊन तापमान वाढवा. पंखा वेळेवर वेग घेतो का? तापमानाची सूचना देणारा जीपीई बंद झाला असेल तर शांत पंखा हे चांगलं लक्षण नाही. तशी शंका आली तर तो लगेच चालू करा आणि आधी बायोस अपडेट करा. बायोस अपडेट तसंही कराच, कारण असा मारा अनेकदा बायोसमधल्या चुकीच्या नोंदीतून येतो. त्याआधी एक फुकटचा उपाय: लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरायचं. कीबोर्ड, बॅटरी, पंखा सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर बऱ्याच मॉडेलांत यामुळे रीसेट होतो, आणि कधीकधी मारा तेवढ्यानेच थांबतो.

तुमच्या लॉगमध्ये 'आयआरक्यू १६, नोबडी केअर्ड' अशी ओळ कधी दिसली तर तो याच घराण्यातला पण वेगळा प्रकार. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच स्वीकारले नाहीत की कर्नल ती लाइन बंद करतो, आणि तिच्यावर बसलेली सगळी उपकरणं लंगडायला लागतात. लॅपटॉपवर १६ वर बहुधा एसएमबस (मदरबोर्डवरच्या छोट्या चिपांशी बोलणारी तार) आणि टचपॅडचा आयटूसी कंट्रोलर एकत्र असतात, म्हणून पहिली तक्रार 'टचपॅड अडखळतो' अशी येते. तिथे एकेक ड्रायव्हर काढून बघावा लागतो. टचपॅड फक्त चार्जर लावल्यावरच बिथरत असेल तर मात्र लॉग वाचण्याआधी भिंतीतलं अर्थिंग बघा. आपल्याकडे तीन पिनांचा सॉकेट दिसतो आणि आत तिसरी वायरच नसते.

तुम्ही कधीमधी विंडोजवरही जात असाल तर दोन गोष्टी. तिथून परतल्यावर वेळ बरोबर साडेपाच तास चुकीची दिसली तर ती बिघाडाची खूण नाही. लिनक्स आरटीसीत जागतिक वेळ धरतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल'ची किंमत १ केली की दोघांचं जमतं. आणि 'गेम अडखळतो, एचपीईटी चालू करा' म्हणून बीसीडीएडिट या विंडोजच्या बूट-सेटिंग कमांडमध्ये 'यूज प्लॅटफॉर्म क्लॉक' टाकायचा सल्ला पाळला असेल तर ते मूल्य काढून टाका. त्याने विंडोजला टीएससी सोडून मंद काउंटर वाचायला लावलेलं असतं, आणि तुमच्या पिढीवर तो काउंटर कसा वागतो ते वर बघितलंच.

नव्या कर्नलवर, एचपीईटी बाजूला असतानाही टीएससी अनस्टेबल ठरलं, तर माझं वरचं निदान तुमच्या मशीनला पूर्ण लागू होत नाही आणि संशय बायोसवर जातो. बायोस अधूनमधून प्रोसेसर स्वतःच्या ताब्यात घेतो, एसएमआय नावाच्या इंटरप्टने, आणि तेवढा वेळ कर्नलला काहीच दिसत नाही. प्रॉकच्या इंटरप्ट्स फाइलीतही त्याची नोंद होत नाही. टर्बोस्टॅट हा प्रोसेसरची आकडेवारी दाखवणारा प्रोग्रॅम चालवा, त्यात एसएमआयचा वेगळा रकाना असतो. लॅपटॉप नुसता पडलेला असताना तो आकडा दर फेरीला वाढत असेल तर तो रकाना, डीमेसेजमधली वॉचडॉगची ओळ आणि बायोसची आवृत्ती एवढं घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, आणि मदरबोर्ड बदलण्याआधी बायोसची नवी आवृत्ती मागा.